उन्हाळ्यात रोल काळा आणि रवाळ निघतोय? २० अंशाचा हट्ट सोडा, सगळं पाणी एका तापमानाला आणा

घरी कॅमेऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायला, म्हणजे डेव्हलप करायला, लागलेल्या माणसाला आपल्या सोलापुरात एक अडचण हमखास येते. थंडीत ज्या पद्धतीनं रोल झकास निघाला, अगदी त्याच पद्धतीनं, तेच केमिकल, तेवढीच मिनिटं, असं सगळं तसंच करून मार्चनंतर धुतला की निगेटिव्ह काळीकुट्ट येते, कडेच्या भोकांजवळ पट्टे दिसतात, आणि फोटो मोठा केला की चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखे दाणे. मग माणूस कॅमेऱ्याला दोष देतो, फिल्मला देतो, शेवटी नाद सोडून देतो. माझे दोन रोल असे गेले, त्यातला एक परत कधीच मिळणार नाही असा होता, म्हणून सगळं नीट लिहितोय.

पहिला रोल जानेवारीत धुतला. गड्ड्याच्या यात्रेतले फोटो, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचे पाळणे. फिल्म इलफर्ड एचपी५ प्लस, डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) डी-७६, एकास एक पाणी घालून ११ मिनिटं. हा २० अंशाचा टाइम आहे, कंपनीच्या तक्त्यातलाच. रात्री दहाला मोरीत बसून केलं, नळाचं पाणी घेतलं, थर्मामीटर नव्हताच, आणि रोल इतका सुंदर आला की घोंगडीची वीणसुद्धा मोजता यावी. आता मला वाटतं त्या रात्री पाणी २१-२२ च्या आसपास असणार, म्हणजे तापमान हवामानानंच सांभाळलं, मी काहीच सांभाळलं नव्हतं. पण तेव्हा हे डोक्यात आलं नाही. वहीत फिल्मचं नाव, डेव्हलपर, मिनिटं सगळं लिहिलं, तापमानाचा रकानाच नव्हता.

दुसरा रोल मार्चअखेर. भुईकोट किल्ल्यातले फोटो, सकाळचं ऊन, एक्स्पोजर व्यवस्थित मोजलेलं. तीच ११ मिनिटं. रोल बाहेर काढून ट्यूबलाइटसमोर धरला तर आकाश पूर्ण काळं, बुरुजाचे दगड पण काळे, कुठं काही आरपार दिसेना.

इथं पहिली गोष्ट शिका, कारण मी याच्यात तीन आठवडे घालवले. रोल बिघडला की आधी फोटो बघू नका, कडेला बघा. कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे नंबर असतात ना, ते कारखान्यातच प्रकाश देऊन छापलेले असतात, त्यांचा तुमच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. म्हणजे ते कसे उमटलेत यावरून फक्त धुण्याचं कळतं. नंबर ठळक आणि व्यवस्थित पण फोटो फिके, तर कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. नंबरच फिके, तर डेव्हलपर कमी पडला किंवा मेलेला होता. फिल्म काचेसारखी स्वच्छ पण नंबर आहेत, तर रोल कॅमेऱ्यात पुढं सरकलाच नाही. स्वच्छ आणि नंबर पण नाहीत, तर डेव्हलपरनं कामच केलं नाही किंवा चुकून आधी हायपो (उमटलेलं चित्र पक्कं करणारं केमिकल) ओतला गेला. आणि नंबर नेहमीपेक्षा जाड, फुगल्यासारखे, अक्षरांच्या पोकळ्या भरलेल्या, तर रोल जास्त शिजलाय. माझे नंबर फुगलेले होते. म्हणजे कॅमेरा निर्दोष होता आणि मी तोवर लाइट मीटर दुरुस्तीला द्यायच्या तयारीत होतो.

जास्त का शिजला ते आईमुळं कळलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती सहज म्हणाली, गीझरचं बटण बंद ठेव रे आता, नळालाच कढत पाणी येतंय. सोलापुरात हे प्रत्येक घरात होतं, गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापते आणि संध्याकाळी सातला पण बादलीत हात घातला की चटका बसल्यासारखं वाटतं. मी त्याच नळाचं पाणी डेव्हलपरमध्ये एकास एक घालत होतो. आणि डेव्हलपरची बाटली ठेवलेली स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पत्र्याच्या खाली. थर्मामीटर आणून बघितलं तर तयार डेव्हलपर ३२-३३ अंशाच्या वर. अंदाजे हिशोब असा धरा की २० च्या वर साधारण दर ४ अंशाला वेळ पाव हिश्शापेक्षा थोडी जास्तच कमी करावी लागते. म्हणजे २० ला ११ मिनिटं, तर २४ ला ८, २६ ला ७ च्या आसपास, आणि ३२ ला जेमतेम चार-साडेचार. मी तिथं ११ दिली होती.

थर्मामीटरवरून आठवलं, तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५ च्या खाली काही दाखवतच नाही. शाळा-कॉलेजच्या लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात काचेचा साधा, लाल रेघेचा मिळतो, तो घ्या. आणल्यावर ग्लासात भरपूर कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घालून त्यात बुडवून बघा, शून्याजवळ आला पाहिजे. एखादा अंश इकडंतिकडं असला तर वहीत लिहून ठेवा आणि कायम तोच वापरा.

तर कारण सापडलं, आता प्रश्न सुटला असं मला वाटलं, आणि इथंच खरी चूक झाली. तिसरा रोल मामांचा होता. म्हणजे मामांच्या हातमागाचा. घरात चाळीस वर्षं चाललेला माग ते मोडणार होते, जागा पाहिजे होती आणि विणायला कोणी नव्हतं, मोडायच्या आदल्या दिवशी मी ३६ फोटो काढले, मामा शेवटची चादर काढताना, मामी कांड्या भरताना, खड्ड्यात पाय सोडून बसलेले मामा. हा रोल मी जपून धुवायचं ठरवलं. फ्रिजच्या पाण्यानं डेव्हलपर बरोबर २० अंशावर आणला, दोनदा तपासला. ११ मिनिटं दिली. मग स्टॉप म्हणून, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवायला, नळाचं पाणी, ते ३५ च्या पुढं. मग हायपो, तो मी अर्ध्या तासापूर्वीच स्फटिक विरघळवून तयार केलेला, आणि मग धुवायला परत नळाचं पाणी.

ज्यांनी हायपोचे स्फटिक पाण्यात टाकलेत त्यांना माहीत असेल, भांडं हाताला एकदम गार लागतं. विरघळताना हायपो पाण्यातली उष्णता ओढून घेतो, लिटरला अडीचशे ग्रॅम टाकले तर तापमान दहाएक अंशानं पडतं. मी ते पाणी माठातलं घेतलेलं, म्हणजे हायपो १५-१६ वर आलेला असणार, बघितलं नाही कारण मला वाटायचं तापमान फक्त डेव्हलपरचं सांभाळायचं असतं. म्हणजे त्या बिचाऱ्या फिल्मनं २०, मग ३५, मग १५, मग परत ३५ असे हेलकावे वीस मिनिटांत खाल्ले.

रोल जाड, म्हणजे काळा, नव्हता. नंबर अगदी बरोबर. पण भिंगातून बघितलं तर सगळीकडं बारीक जाळी, दुष्काळात तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तशी, आणि दोन-तीन ठिकाणी कडेचा थर सुटून सुरकुतलेला. मामांच्या चेहऱ्यावर ती जाळी आहे.

हे का होतं ते समजलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि चांदीचे कण त्यात बसवलेले असतात. जिलेटिन पाण्यात फुगतं, गरम पाण्यात जास्त फुगतं आणि मऊ पडतं, गार पाण्यात आक्रसतं. हळूहळू झालं तर चालतं, पण एकदम गरम, एकदम गार केलं तर वरचा आणि आतला भाग सारखा हलत नाही आणि तो थर चुरमडतो. याला इंग्रजीत रेटिक्युलेशन म्हणतात. आजकालच्या फिल्मचा थर कारखान्यात कडक केलेला असतो त्यामुळं थोड्या फरकानं अशी उघड जाळी पडत नाही, पण दाणे गोळा होऊन फोटो रवाळ दिसतो, आणि लोक म्हणतात एचपी५ ला ग्रेन लई आहे. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये नळाचं आणि फ्रिजचं पाणी यातला फरकच तीस अंशाच्या घरात असतो, त्यामुळं हा धोका आपल्याला पुण्या-मुंबईपेक्षा जास्त.

म्हणून माझं स्पष्ट मत, मार्च ते जून सोलापुरात २० अंशाच्या मागं लागू नका. २० वर डेव्हलपर आणता येईल, पण ३८-४० अंशाच्या खोलीत तो २० वर राहणार नाही, आणि धुवायला लागणारं सगळं पाणी २० ला आणणं घरात शक्य नाही. त्यापेक्षा २४ किंवा २५ ठरवा आणि डेव्हलपर, स्टॉप, हायपो, धुण्याचं पाणी, शेवटचं डिस्टिल्ड पाणी, सगळं त्याच एका आकड्यावर आणा. एखाद-दोन अंश मागंपुढं चालतं, पाचचा फरक नको.

हे जमवायला माठासारखं दुसरं साधन नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी असते, माठातून पाणी झिरपून भराभर वाळतं आणि तितकं आतलं गार होतं. माझ्याकडं रात्रभर खिडकीत ठेवलेल्या माठातलं पाणी पहाटे २४-२५ भरतं, फ्रिज नाही, बर्फ नाही. म्हणून मी आता रोल पहाटे साडेपाचला धुतो. आदल्या दिवशी दोन माठ भरून ठेवायचे, एक प्यायचा आणि एक रोलचा, घरात आधी सांगून ठेवायचं. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ एवढा गार करत नाही, पण तेव्हा नळाचं पाणी पण एवढं तापलेलं नसतं.

पद्धत अशी. मोठा टब घ्यायचा, त्यात माठाचं पाणी, त्यात डेव्हलपरची, स्टॉपची, हायपोची अशा बाटल्या आणि रिकामा टँक (ज्यात फिल्म धुतात तो उजेडबंद डबा) पण, गळ्यापर्यंत बुडतील असे तासभर ठेवून द्यायचे. हायपो आदल्या दिवशीच विरघळवून ठेवायचा म्हणजे त्याचा गारवा निघून जातो. टबचं पाणी चढायला लागलं तर पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून ती टबात सोडायची, बर्फ कधीही केमिकलमध्ये टाकायचा नाही, तो वितळला की प्रमाण बिघडतं. डेव्हलप करताना टँक हलवून झाला की परत टबात ठेवायचा, ओट्यावर नाही, नाहीतर आठ मिनिटांत आतलं पाणी अंश-दोन अंश चढतं, हाताच्या उबेनं पण चढतं.

वेळेबद्दल. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ येत असेल तर ती पद्धतच वापरू नका, कारण ओतण्या-काढण्यात जो अर्धा मिनिट जातो तोच मोठा हिस्सा होऊन बसतो आणि फिल्मवर पट्टे पडतात. डी-७६ पाणी न घालता वापरला तर एचपी५ ला २० अंशालाच साडेसात मिनिटं आहेत, २८ ला ती चारच्या आत येतील. म्हणून उन्हाळ्यात एकास एक पाणी घालूनच वापरायचा, २४ ला ८ मिनिटं मिळतात, आरामात जमतं. मिसळलेला डेव्हलपर एकदाच वापरून टाकून द्यायचा. आणि हलवणं, पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटासुलटा, मग दर मिनिटाला चार वेळा, प्रत्येक वेळी टँक खाली हलकेच आपटायचा म्हणजे बुडबुडे निघतात, बुडबुडा चिकटून राहिला तर निगेटिव्हवर गोल पारदर्शक ठिपका राहतो. भोकांजवळचे पट्टे जोरजोरात सतत हलवल्यानं पण येतात, भोकांतून डेव्हलपर जोरात वाहतो आणि तिथंच जास्त काम करतो. लस्सी घुसळल्यासारखं करू नका.

डेव्हलपरच्या बाटल्या छोट्या आणि काठोकाठ भरलेल्या ठेवा. अर्धी भरलेली बाटली आपल्या उन्हाळ्यात लवकर जाते, चहासारखा रंग आला की संशय घ्या. खात्री करायची असेल तर फिल्मची जीभ, जी कॅमेऱ्यात घालताना उजेडात असतेच, तिचा तुकडा उजेडातच डेव्हलपरमध्ये टाका, काही मिनिटांत काळा झाला पाहिजे. तसाच तुकडा हायपोत टाकून बघायचा, पूर्ण स्वच्छ व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा. रोल दुधाळ किंवा ढगाळ दिसत असेल तर हायपो कमी पडलाय, परत ताज्या हायपोत टाका, सुधारतो.

फिल्म टँकमधल्या रीळवर चढवताना अडकते, मध्येच वाकते, दोन वेढे एकमेकांना चिकटतात आणि तिथं डेव्हलपर न पोचल्यानं डाग राहतो, ही उन्हाळ्यातली दुसरी मोठी तक्रार, आणि तिचं कारण घाम. चेंजिंग बॅगमध्ये (आत उजेड न जाणारी, बाह्या असलेली पिशवी) हात घातले की पाच मिनिटांत आत वाफ होते आणि प्लास्टिकच्या रीळवर ओलावा धरला की फिल्म पुढं सरकतच नाही. कूलरसमोर बसून हे काम करू नका, हवा गार लागते पण दमट असते. मी रात्री, कूलर बंद करून, हात साबणानं धुऊन कोरडे करून भरतो, रीळ आदल्या दिवशी उन्हात वाळवलेलं. अडकलंच तर जबरदस्ती करायची नाही, फिल्म टँकमध्ये ठेवून झाकण लावायचं, हात बाहेर काढून पुसायचे, दहा मिनिटांनी परत. भरलेला टँक पहाटेपर्यंत तसाच राहिला तरी काही होत नाही.

आता धुण्याचं पाणी. अर्धा तास नळाखाली धरा असं जुने लोक सांगतात, पण आपल्याकडं पाणी रोज येत नाही, तेवढं पाणी सोडायला मन होत नाही आणि सोडलं तरी ते कढत. टँकमध्ये पाणी भरून पाच वेळा उलटवायचं, ओतायचं, परत भरून दहा वेळा, परत भरून वीस वेळा. इलफर्डनंच सांगितलेली पद्धत आहे, एका रोलला लिटरभर पाण्यात काम होतं, म्हणजे माठातलंच पुरतं. फक्त हायपोत तुरटीसारखं थर कडक करणारं काही घातलेलं नसलं पाहिजे.

बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे डाग पडतात, बादलीच्या काठावर जो क्षार बसतो तोच. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण मागताना डिस्टिल्ड वॉटर असं स्पष्ट म्हणा, कारण तिथं बॅटरीचं अॅसिड पण विकायला असतं. त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता सारखं निथळावं म्हणून घालायचं द्रावण) दोन थेंब, दोन मिनिटं, आणि मग टांगायचं. बोटांनी निथळू नका, गरमीत थर मऊ असतो, एक कण बोटात असला तरी रोलभर रेघ ओढली जाते. डाग पडलेच असतील तर परत डिस्टिल्डमध्ये भिजवून टांगा, चकचकीत बाजूचे बहुतेक जातात.

आणि टांगायचं कुठं, हा आमच्या भागातला वेगळाच प्रश्न. गल्लीत पावरलूम असले की हवेत सुताची बारीक धूळ असतेच, टेरी टॉवेलवाल्यांच्या शेजारी तर जास्तच, ओल्या फिल्मवर ती बसली की वाळताना आत रुतते. पंख्याखाली तर अजिबात नको. मी मोरीत आधी भिंतींवर पाणी मारतो, धूळ खाली बसली की रोल टांगतो, खाली कपड्याचा चिमटा वजनाला, दार बंद, दोन तास कोणी जायचं नाही. त्या मोरीत टॉवेल ठेवायचा नाही.

केमिकलबद्दल एवढंच, हातमोजे घाला, डी-७६ मधल्या मेटॉलची काहींना खाज सुटते. स्वयंपाकाची भांडी वापरू नका, लहान मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका.

जे रोल जाड आलेत ते टाकू नका. किल्ल्याचा रोल मी मागून जोरदार उजेड देऊन स्कॅन केला, निम्म्याहून जास्त फ्रेम निघाल्या. फार्मर्स रिड्यूसर म्हणून एक मिश्रण असतं, पोटॅशियम फेरीसायनाइड आणि हायपोचं, त्यानं जाड निगेटिव्ह पातळ करता येते, पण आधी बिनकामाच्या फ्रेमवर करून बघा, जास्त झालं तर गेलेलं परत येत नाही. जाळी पडलेल्या रोलला मात्र उपाय नाही. मामांना मी तो तसाच छापून दिला, माग पूर्ण दिसतो, धोटा दिसतो, फण्या दिसतात. मे महिन्यात मामी तशाच बसून कांड्या भरून दाखवायला तयार झाल्या, रहाटावर, माग नव्हता तरी. तो रोल पहाटे २५ अंशाला, सगळी पाणी एका टबात ठेवून, साडेसात मिनिटं धुतला. त्यात मामींच्या हातावरच्या शिरा दिसतात.